पोटमाळ्यावरून उतरवलेला रेडिओ लगेच प्लगला लावू नका

जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि टेप यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पोटमाळ्यावर सापडला. लाकडी कॅबिनेट अजून देखणं आहे. बंद पडून निदान तीस वर्षं झाली असतील. दुकानदार म्हणतो, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देतो. करून घ्यावं का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : ताई, कृपा करून तसं करू नका. आतलं सामान एकदा भंगारात गेलं की रेडिओ संपला, उरतं ते खोकं. आणि ते सामान बहुतेक वेळा धडधाकट असतं. बुधवार पेठेतल्या माझ्या दुकानात असे कितीतरी सेट आले. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या बल्बसारख्या काचेच्या नळ्या, मेलेले फार थोडे. बिघडलेले असतात ते कंडेन्सर.

तो अजून प्लगला लावला नसेल तर उत्तम. शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी एक मेणकागदी कंडेन्सर असतो. आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि मागचं डीसी व्होल्टेज अडवायचं, एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं ओल शिरून तो गळायला लागतो. मग व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको ते व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाळतो. कंडेन्सर काही रुपयांत मिळतो, तसाच ट्रान्सफॉर्मर मिळवताना मात्र घाम फुटतो. म्हणून मेकॅनिकला सांगा, आधी हा आणि फिल्टरचे मोठे कंडेन्सर बदल, मगच वीज दे. तीही पहिल्यांदा सिरीज बोर्डवरून, १०० वॅटचा तारेचा बल्ब मध्ये घालून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करायचं. एलईडी बल्बने ही परीक्षा होत नाही. आणि स्वतः आत हात घालू नका; प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरात दोन-अडीचशे व्होल्ट शिल्लक असू शकतात.

आणखी एक बघून घ्या. व्हॉल्व्हच्या काचेवर नंबर छापलेला असतो. तो 'ई'ने सुरू होत असेल, जसा ईसीएच ८१, तर सेटला बहुधा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे. 'यू'ने सुरू होत असेल, यूसीएच ८१, यूवाय ८५ असे, तर तो एसी-डीसी सेट. पूर्वी काही शहरांत घरोघरी डीसी वीज होती, तेव्हाची ही सोय. अशा सेटमध्ये चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला, म्हणजे घरातल्या विजेला, जोडलेली असते. नॉब हरवला असेल तर उघड्या दांड्याला हात लावायचा नाही, मागचा पुठ्ठा काढून ठेवायचा नाही.

आता ब्लूटूथबद्दल. सेट ट्रान्सफॉर्मरचा असेल तर मागे 'पीयू' लिहिलेली दोन भोकं आहेत का बघा. ती रेकॉर्ड प्लेअर जोडण्यासाठी असत. तिथे मोबाइलही लागतो. फक्त मोबाइलचे डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकमेकांना सरळ जोडू नका, प्रत्येकात एक हजार ओहमचा रेझिस्टर घाला. जुन्या व्हॉल्व्हमधून आणि जुन्याच स्पीकरमधून तुम्हाला हवं ते गाणं ऐकता येईल आणि एक तारही कापावी लागणार नाही. एसी-डीसी सेटला मात्र हे अजिबात करायचं नाही.

स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडला असेल तर पतंगाचा पातळ कागद, पाणी घातलेला फेविकॉल आणि सबुरी, एवढ्यावर भागतं. पाच-सहा मीटर तार एरियल म्हणून खिडकीबाहेर सोडा, घरातले चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, आणि मीडियम वेव्हवर पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर काटा आणा. डायलवर मीटरचे आकडे असतील तर ३७९च्या आसपास. काटा हलत नसेल तर डायलची डोरी तुटली असेल; ती बदलता येते.

प्रश्न : आजोबांच्या काळ्या, जड रेकॉर्ड्स आहेत. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर. बुरशी आलीय. स्पिरिटने पुसू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही! ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्यांत लाख असते. सुतार लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच कालवतो, हे आठवा. स्पिरिट लागलं की रेघा विरघळल्या, आणि त्या रेघांतच गाणं आहे. गार पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश रेघांच्या दिशेनेच फिरवायचा, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, आणि लगेच टिपून उभं वाळवायचं. वाजवताना सुई ७८चीच हवी. एलपीची बारीक सुई रेघेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते.

प्रश्न : आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या दोन कॅसेट मिळाल्या. आजी आता नाही. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी पूड दिसते. वाजवून बघावी की नको?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : आत्ता नको, पण वाजवायची नक्की. दुनियेत याची दुसरी प्रत नाही, म्हणून तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी उघडून ठेवलं होतं.

पहिलं काम आज करा : कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही खिट्या तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. ती पूड म्हणजे कोकणातल्या दमट हवेतली बुरशी. कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. मग तोंडाला मास्क बांधून, पेन्सिलने चक्र हळूहळू फिरवत टेप एका बाजूकडून दुसरीकडे न्या आणि जाता जाता धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने कडा पुसा. कुठे अडकली तर ओढायचं नाही, उलट फिरवून परत यायचं. मशिनवर जलद गुंडाळायला तर मुळीच लावू नका. बुरशीने चिकटलेला वेढा तिथे तुटतो.

कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा चिमुकला तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे मशिनच्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. पडला असेल तर आवाज दबका आणि अस्पष्ट येतो, आणि लोक समजतात टेपच खराब. तेव्हा स्क्रूची एखादी चांगली रिकामी कॅसेट घ्या आणि टेप तिच्यात घाला. मशिनचं हेड आणि रबरी रोलर आधी साफ असू द्या. टेपरेकॉर्डर कपाटात पडून असेल तर त्याचे बेल्ट बहुधा डांबरासारखे वितळले असतील; नवे घाला.

मग एकदाच वाजवा आणि त्याच वेळी थेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. शब्द बोथट वाटले तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवत जा, 'स' आणि 'श' खणखणीत येईपर्यंत. रेकॉर्ड करणाऱ्या मशिनचं हेड थोडं तिरकं असेल तर तुमचंही तेवढंच तिरकं करावं लागतं. आवाज 'सुधारायला' जाऊ नका. जात्याची घरघर तशीच राहू द्या, ओवीची लय तिच्यावरच उभी आहे.

प्रश्न : न्यू जर्सीहून भावाने त्याचा जुना टर्नटेबल पाठवला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तरी सगळे गायक खोल, संथ गातात. बेल्ट गेला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बेल्ट नाही, वीज. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडची ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि तुमच्या मशिनची एसी मोटर हर्ट्झच्याच तालावर फिरते. थाळी मिनिटाला ३३च्या जागी जेमतेम २८ फेरे घेते. काळी चारमध्ये गाणारीचा षड्ज त्यामुळे थेट पांढरी चारवर उतरतो. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली, म्हणजे मोटरच्या दांड्यावरची चकती, मिळते का बघा, नाहीतर खराद्याकडून मूळ पुलीच्या सहा-पंचमांश व्यासाची करून घ्या. मोजमाप बारीक लागतं, तेव्हा नमुन्याची पुली हातात देऊनच काम सांगा. वेग तपासायला १८० रेघांची स्ट्रोब तबकडी थाळीवर ठेवा आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघा. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर ३३ आणि एकतृतीयांश. पुढे सरकत असतील तर पुली किंचित मोठी झालीय, मागे सरकत असतील तर लहान.