रेंज पूर्ण, तरी दुपारी इंटरनेट बंद

प्रश्न : आमच्याकडे टीव्हीच्याच केबलवरून इंटरनेट येते. एप्रिल लागला की भर दुपारी ते वारंवार तुटते, रात्री मात्र सुरळीत चालते. वाय-फायची रेंज पूर्ण असते. केबलचालकाने मॉडेम बदलून दिला, तरी फरक पडला नाही. दोष कोठे शोधावा?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : वाय-फायची रेंज ही फक्त आपला मोबाइल आणि राउटर यांच्यातली बाब आहे, खांबावरून घरात येणाऱ्या सिग्नलविषयी ती काहीच सांगत नाही. म्हणून प्रथम संगणक लॅन केबलने मॉडेमला जोडावा आणि तरीही खंड पडला, तर वाय-फायचा नाद सोडावा.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकल्यास बहुतेक केबल मॉडेमचे माहितीपान उघडते. तेथे डाउनस्ट्रीम पॉवर (घरात येणाऱ्या सिग्नलची ताकद) साधारणतः उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (ही ताकद मोजण्याचे एकक), एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वरचढ आहे ते) ३३ डेसिबलहून अधिक आणि अपस्ट्रीम पॉवर (मॉडेम परत पाठवतो त्या सिग्नलची ताकद) ५० डीबीएमव्हीच्या आत असावी. यांपैकी शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो. मॉडेमचे म्हणणे केबलचालकाच्या केंद्रापर्यंत क्षीण पोहोचले, की केंद्र त्याला पॉवर वाढवण्यास सांगते. ती कमाल मर्यादेला टेकली की उत्तरे मिळेनाशी होतात, मॉडेमच्या नोंदींमध्ये 'टी-३ टाइमआउट' (वेळेत उत्तर न आल्याची खूण) दिसू लागतात आणि शेवटी मॉडेम नव्याने जोडणी करू पाहतो. हे आकडे पहाटे एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा लिहून ठेवावेत.

तापमान वाढले की केबलमधील सिग्नलची घट वाढते. धडधाकट केबलमध्ये ही वाढ किरकोळ असते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि गच्चीवर उन्हात पडलेली काळी केबल त्याहूनही तापते, तेव्हा आधीच काठावर असलेली जोडणी कोलमडते. अशा ठिकाणी हमखास आढळतो तो तार पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड : टेप उन्हाने सुटलेली, आत तांब्यावर हिरवट थर आणि बाहेरच्या जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेला टेकलेला. असा जोड काढून तेथे यंत्राने दाबून बसवलेले कनेक्टर लावून घ्यावेत.

टीव्हीसाठी लावलेला स्प्लिटरही (एका केबलला फाटे फोडणारी डबी) तपासावा. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर सुमारे ३.५ डेसिबल सिग्नल खातो. असे दोन स्प्लिटर एकामागून एक असतील, तर मॉडेमला उष्टेच मिळते. दिवसभर मॉडेम थेट मुख्य केबलला जोडून पाहिल्यास उलगडा होईल. मॉडेम बदलणे केबलचालकाला सोयीचे असते, कारण त्यासाठी गच्चीवर चढावे लागत नाही.

एवढे करूनही दुपारचे आकडे बिघडलेलेच राहिले आणि शेजाऱ्यांकडेही त्याच वेळी इंटरनेट जात असेल, तर दोष खांबावरील अ‍ॅम्प्लिफायरमध्ये (सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या यंत्रात) किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा दोन्ही वेळचे आकडे केबलचालकाला लेखी द्यावेत. खांबावर स्वतः मात्र चढू नये. अ‍ॅम्प्लिफायरला लागणारी वीज बहुधा त्याच केबलमधून नेलेली असते.