चालकाचा डोळा लागला तर?

प्रश्न : माझे यजमान रात्री गाडी चालवतात. गाडीत लेन सांभाळणारी यंत्रणा आहे. त्यांना झोप लागली तर गाडी आपोआप थांबेल ना?

उत्तर : ताई, तसं गृहीत धरू नका. अशा बऱ्याच यंत्रणांना स्टिअरिंगवर हाताचा जोर आहे का, एवढंच कळतं. पेंगताना हात नुसता टेकून राहिला, तरी माणूस जागा आहे असं त्यांना वाटू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या नियमात हात सुटल्यावर १५ सेकंदांत दिवा, ३० सेकंदांत आवाज आणि त्यापुढच्या ३० सेकंदांत स्टिअरिंगची मदत बंद, अशी तरतूद आहे. मदत बंद, गाडी धावतेच! काही गाड्या ब्रेकचा हिसका देतात, धोक्याचे दिवे लावून थांबतात. तुमच्या गाडीत ती सोय आहे का, हे पुस्तिकेत आजच बघा.