रोज बायबल वाचूनही मनात दया का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की रोज वचन वाचता, प्रार्थना करता, उपासनेला जाता. तरी माणसांवर चटकन चिडता आणि जुनी दुखणी मनातून जात नाहीत. मग आधी आध्यात्मिक समज वाढवावी की दया, असा तुमचा प्रश्न आहे.

मला विचाराल तर ही निवड करायचीच नाही. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय काढा, वचन १७. वरून येणारं ज्ञान शांतिप्रिय, सौम्य, दयेनं आणि सत्फळांनी भरलेलं असतं, असं तिथे म्हटलंय. दया नसेल तर ते ज्ञान वरचं नव्हेच. वचनं तोंडपाठ आणि बोलणं मात्र सालटी काढणारं, अशी माणसं मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाहिली आहेत. याकोबानंही पाहिली असावीत, कारण त्या अध्यायाचा बराचसा भाग जिभेवरच खर्ची पडलाय.

प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्यासाठी आध्यात्मिक समज मागतो (१:९-१०), ती त्यांना सत्कार्यांत फळ यावं म्हणून. लगेच पुढे देवाच्या ज्ञानात वाढण्याचंही बोलतो. त्यामुळे वाचन कोरडं वाटायला लागलं की मी आणखी एक अध्याय वाचत नाही. ज्याला टाळत होतो त्याला फोन करतो, आजाऱ्याला भेटून येतो. मग तोच शास्त्रभाग वेगळा उघडतो. कसा, ते नीट सांगता येणार नाही.

जुन्या दुखण्यांचा प्रश्न जास्त अवघड. त्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय सावकाश वाचा. दहा हजार तालंतांचं कर्ज माफ झालेला दास शंभर दीनारांसाठी सोबतीच्या दासाचा गळा धरतो, हा दाखला आपण ऐकलेला असतो. पण शंभर दीनार किरकोळ होते, असं समजून आपण तो ऐकतो. एक दीनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. म्हणजे ही शंभर दिवसांची कमाई झाली. बुडाली तर घर हलावं एवढी. तुमचं नुकसान क्षुल्लक आहे, असं प्रभू येशू म्हणतच नाही. तो ते दुसऱ्या रकमेशेजारी ठेवतो. एक तालंत साधारण सहा हजार दीनारांचा. म्हणजे दहा हजार तालंत झाले सहा कोटी दिवसांची मजुरी. कुठल्या जन्मी फिटणार? मला क्षमा करणं जड जातं तेव्हा समोरच्याचा अपराध लहान करून पाहण्याचा खटाटोप मी करत नाही, तो टिकत नाही. माझं किती माफ झालंय याकडे बघतो.

आणि कृपा करून दयेचा अर्थ ‘गप्प बसून सोसणं’ असा करू नका. किती वेळा क्षमा करावी, या शिष्य पेत्राच्या प्रश्नाला सत्तर वेळा सात हे उत्तर मिळतं ते त्याच अध्यायाच्या वचन २२ मध्ये. त्याआधी १५ ते १७ मध्ये अपराध करणाऱ्याला एकांतात जाऊन चूक दाखवा, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या, तरीही नाही तर मंडळीला सांगा, असा क्रम दिलाय. कोणी मारहाण करत असेल, फसवत असेल, तर त्याच्यापासून दूर होणं आणि मदत मागणं हे क्षमेच्या विरुद्ध नाही. हा भाग प्रवचनांत फार कमी येतो, याचा मला राग आहे.

रोजच्यासाठी मोठी योजना नको. झोपण्याआधी दिवसाकडे देवासमोर एकदा मागे वळून पाहा: आज कुणाशी कठोर झालो, कुणी माझं सांभाळून घेतलं. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात ही सवय आपल्या साथीदारांना लावली होती. कॅथलिक नसलात तरी करायला हरकत नाही. ज्याच्यावर चिडलात त्याचं नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी एक वाक्य मागा. सुरुवातीला ते खोटं वाटेल. वाटू दे, तरी मागा.