प्रातो देल्ला व्हाल्ले पाहताना

इटलीतील पादुआ शहराचा प्रातो देल्ला व्हाल्ले हा चौक प्रथमच पाहणार असाल, तर पुतळ्यांची नावे वाचण्याआधी पाण्याकडे लक्ष द्या, असे मी आग्रहाने सांगेन. ही जागा पूर्वी दलदलीची होती. १७७५ मध्ये व्हेनिसच्या वतीने कारभार पाहणाऱ्या आंद्रेआ मेम्मो यांनी डोमेनिको चेरातो यांच्या आराखड्यानुसार तिचा निचरा करवला आणि मधोमध लंबवर्तुळाकार बेट घडवून त्याभोवती कालवा खेळवला. आज निव्वळ शोभेचा वाटणारा तो कालवा मुळात त्या निचऱ्याच्या कामाचाच भाग आहे, हे ध्यानात आले की साऱ्या मांडणीचा उलगडा होतो.

त्यानंतर कालव्याच्या दोन्ही काठांनी सावकाश फिरा. तेथे ७८ पुतळे आहेत. १५९२ ते १६१० या काळात येथील विद्यापीठात शिकवणारा गॅलिलिओ त्यांत सापडेल. काही चौथऱ्यांवर मात्र निमुळते दगडी स्तंभच दिसतील, कारण तेथील व्हेनिसच्या शासकांचे पुतळे नेपोलियनच्या सैन्याने फोडले. मला ते स्तंभ इतर पुतळ्यांहून अधिक बोलके वाटतात.

शनिवारी येथे मोठा बाजार भरतो. मेम्मो यांना ही जागा जत्रा आणि व्यापारासाठीच हवी होती, म्हणून गर्दी टाळू नका. शिल्पे निवांत पाहण्यासाठी दुसरी एखादी सकाळ राखून ठेवा.