कन्व्हिन्स, पर्स्वेड आणि कन्व्हर्ट यांत नेमका फरक काय?

समोरच्याला नुसतं पटलं तर कन्व्हिन्स, पटवून त्याला काही करायला लावलं तर पर्स्वेड. सिगारेट वाईट हे डॉक्टरांनी गळी उतरवलं, म्हणजे कन्व्हिन्स्ड. पठ्ठ्याने ती खरंच सोडली, तर पर्स्वेडेड. म्हणून ‘कन्व्हिन्स्ड मी दॅट’ आणि ‘पर्स्वेडेड मी टू’ असं लक्षात ठेवा. ‘कन्व्हिन्स्ड मी टू गो’ जुन्या व्याकरणवाल्यांना खटकायचं, आता सर्रास चालतं. तरी परीक्षेच्या पेपरात उगाच विषाची परीक्षा नको.

कन्व्हर्टचं प्रकरण वेगळं. एकाचं दुसरं होतं तिथे हा शब्द: रुपयांचे डॉलर, फुटांचे मीटर, माणसाचा धर्म. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, ते इंग्रजीत ‘ही कन्व्हर्टेड टू बुद्धिझम’. मध्ये ‘वॉज’ घुसवलंत, तर दुसऱ्या कोणी त्यांचं धर्मांतर केलं असा वास येतो. फरक बारीक आहे, पण अर्थ पार फिरतो.

उच्चारही बघा: क्रियापदात जोर ‘व्हर्ट’वर, धर्मांतर केलेली व्यक्ती म्हणायची असेल तर ‘कॉन’वर.

याच्याच जवळचा शब्द प्रोसेलिटाइझ: दुसऱ्याला आपल्या धर्मात किंवा मतात ओढायचा नुसता प्रयत्न, समोरचा बदलेलच असं नाही. त्यात बरेचदा नापसंतीचा सूर असतो, जपून वापरा.