कळलावीतली ‘कळ’ कोणती?

प्रश्न असा आला आहे: पावसाळ्यात धुऱ्यावर लाल-पिवळ्या फुलांची वेल चढते, तिला कोणी कळलावी म्हणतं, कोणी खड्यानाग. दारात लावली तर घरात भांडणं लागतात, म्हणून हे नाव पडलं का? आणि लावायची झाली तर कशी?

भांडणाची समजूत ‘कळ’ शब्दाच्या दोन अर्थांवर पोसली गेली आहे. ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावून देणे, कळलाव्या नारद त्यातलाच. पण पोटात येते तीही कळच. प्रसूतीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून पूर्वी या वेलीच्या कंदाचा लेप बाईच्या ओटीपोटावर लावत. निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदातल्या वनस्पतिकोशांत, हिचं ‘गर्भनुत्’ (गर्भाला ढकलणारी) हे नाव त्यावरूनच आलं. हिच्या ‘कलिहारी’ या संस्कृत नावातल्या ‘कलि’चा अर्थ भांडणही होतो, त्यामुळे भांडणाचा अर्थ अगदीच निराधार नाही. तरी मराठी नावातली कळ वेदनेचीच, असं माझं मत आहे. तो लेप मात्र आज कुणीही लावू नये.

हिला काही जण बचनागही म्हणतात, ते टाळावं. खरा बचनाग हिमालयातलं निळ्या-जांभळ्या फुलांचं वेगळंच झाड आहे. दोन्ही विषारी, पण विषं निराळी. विषबाधा झाल्यावर डॉक्टरांना चुकीचं नाव सांगितलं तर उपचाराची दिशाच चुकते.

लावणाऱ्याच्या सर्वांत कामाचं नाव आहे ‘लांगली’. लांगल म्हणजे नांगर; आपला ‘नांगर’ शब्द त्याच्यापासूनच आला. कंद उकरून पाहिला की नाव पटतं: दोन भुजा एका कोनात जुळलेल्या, आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला एकच डोळा. बटाट्यासारखे हवे तसे तुकडे केले तर बिनडोळ्याचा तुकडा जमिनीत कुजून जातो. वेगळं करायचंच तर फक्त जोडावर, टोकांना धक्का न लावता. भुजा 50 ग्रॅमच्या पुढची असेल तर पहिल्याच वर्षी फूल येण्याची आशा. बारीक कंद नुसती पानं देतो.

मिरगाच्या आसपास कंद आडवा ठेवून 6 ते 8 सेंटिमीटर खोल लावावा. दोन ओळींत 45 आणि दोन कंदांत 30 सेंटिमीटर अंतर पुरतं. बरड, मुरमाड जमीन हिला मानवते. कन्हारीत, म्हणजे भारी काळ्या जमिनीत, पाणी साचून कंद सडतो, म्हणून तिथे फूटभर उंच वाफा करावा. कुंडीत दोन भाग मुरूममिश्रित माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेलं शेणखत घ्यावं.

कोंब वर आला की लगेच आधार द्या. ही वेल पानाच्या टोकाने धरते. ते टोक दोऱ्यासारखं वळतं, त्यामुळे जाड बांबूला त्याची पकड बसत नाही. तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्या) रोवल्या तर नेमकं काम होतं. शेंडा फार ठिसूळ असतो. निंदताना मोडला तर बहुधा त्या भुजेचं ते वर्ष गेलं.

फूल हिरवट पिवळं उघडतं आणि दिवसागणिक लाल होत जातं. त्याच्या सहा पाकळ्या मागे वळतात आणि परागवाहिनी (फुलातली पराग घेणारी मधली दांडी) तळाशीच काटकोनात आडवी वळते, त्यामुळे त्याच फुलाचे पराग तिच्यावर सहसा पडत नाहीत. शेंगा हव्या असतील तर सकाळी दुसऱ्या वेलीवरच्या फुलाचे पराग मऊ ब्रशने लावावेत. बियांपासूनही झाड होतं, पण फुलायला तीन-चार वर्षं लागतात. तरीही जंगलातला कंद उपटण्यापेक्षा बी आणणं केव्हाही बरं, कारण कंद गेला की तिथली वेलच गेली.

शेंगा तडकून वेल पिवळी पडली की पाणी बंद करावं. हिवाळ्यात दया येऊन पाणी घालणाऱ्यांचेच कंद जास्त सडतात. काढले तर सावलीत कोरड्या वाळूत ठेवा, पण रताळ्यांच्या जवळपासही नको, चुकून शिजवले जातात. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बी सर्वांत जास्त. त्यात कोल्चिसीन हे विष असतं. हाताळताना हातमोजे घाला, शेळ्या आणि लहान मुलं पोचतील अशा जागी लावू नका. पोटात गेलंच तर उलट्या-जुलाबांची वाट न पाहता झाडाचा तुकडा पिशवीत घालून रुग्णाला थेट दवाखान्यात न्या.