युरोपियमचे कण घेऊन जर्मनीला निघताना

शिवाजी विद्यापीठातून नॅनोविज्ञानात एम.एस्सी. करून युरोपियम या दुर्मिळ मृदा धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बनवण्याचा हात तुम्ही बसवला आहे, आणि किरणोत्सारी द्रव्यांच्या जोडीने प्रकाशीय प्रतिमा घेणाऱ्या जर्मनीतील प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी गेल्यास त्याचा उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. नक्की होईल. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मी याच कामासाठी इकडे जर्मनीत आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, कर्करोगाच्या गाठीत साठते. तिच्यातून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन, ऊतीमध्ये प्रकाशाच्या तेथील वेगापेक्षा जास्त वेगाने धावला, की निळसर प्रकाश निघतो. पावेल चेरेन्कोव यांनी १९३४ मध्ये वर्णन केलेला आणि १९५८ चे नोबेल मिळवून देणारा प्रकाश तो हाच. तो इतका मंद असतो की काळ्याकुट्ट पेटीत, अतिशय थंड ठेवलेल्या कॅमेऱ्यानेच टिपावा लागतो. त्यातही तो मुख्यत्वे निळा, आणि निळा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन गिळून टाकते. अंबाबाईच्या किरणोत्सवात हवेत धूळ आणि बाष्प जास्त असले की किरणे कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात, मुखापर्यंत पोहोचत नाहीत, हे आपण लहानपणापासून पाहतो. ऊतीत या निळ्या प्रकाशाचे तसेच होते. तुमचे कण कामाला येतात ते येथे. युरोपियम ऑक्साइड गॅमा किरणांची आणि त्या निळ्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन ६१५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश देते, आणि लाल प्रकाश ऊतीतून अधिक सहज बाहेर येतो. शिवाय बाहेरून दिवा मारावा लागत नसल्यामुळे त्वचेची स्वतःची चमक प्रतिमेत मिसळत नाही. तरीही खोलवरच्या गाठीसाठी पेट स्कॅनला, म्हणजे पॉझिट्रॉनमुळे निघणारे गॅमा किरण टिपणाऱ्या तपासणीला, पर्याय नाही. या पद्धतीचे खरे स्थान मला शस्त्रक्रियेच्या टेबलावर, काढलेल्या गाठीची कड स्वच्छ आहे की नाही हे पाहण्यात दिसते.

माझी पहिली चूक सांगतो, कारण ती तुम्हाला टाळता येईल. कोल्हापुरात ऊर्ध्वपातित पाण्यात महिनाभर स्थिर राहिलेले माझ्या पद्धतीचे कण मी येथे सलाइनमध्ये मिसळले आणि दहा मिनिटांत कुपीच्या तळाशी पांढरा गाळ बसला. एफडीजी आधीच येऊन शिशाच्या भांड्यात ठेवलेले होते. नवे कण तयार करून, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर लेप चढवेपर्यंत दोन तास गेले, आणि फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटांचा असल्यामुळे निम्म्याहून अधिक किरणोत्सार संपला. त्या दिवशी एकही प्रतिमा हाती लागली नाही. म्हणून निघण्यापूर्वी तुमचे कण सलाइनमध्ये आणि रक्तद्रवात, ३७ अंशांवर, निदान दिवसभर ठेवून त्यांचा आकार तासातासाला मोजा. युरोपियम नसलेले पण तोच लेप असलेले कणही बनवायला शिका, कारण चमक नेमकी कशामुळे आली हे त्यांच्याशिवाय सिद्ध होत नाही. कण यकृतात आणि प्लीहेत साठतात, ते शरीराबाहेर कसे जातील, हा प्रश्न मुलाखतीत तुम्हाला विचारला जाईलच.

तुम्हीही त्यांना विचारा: फ्लोरिन-१८ तयार करणारे यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, किती दूर आहे, आणि गटात रेडिओकेमिस्ट, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये हाताळणारा रसायनतज्ज्ञ, आहे का? दोन्ही उत्तरे समाधानकारक नसतील तर ती जागा घेऊ नका, शिष्यवृत्ती कितीही चांगली असो.

व्हिसा आणि थंडी यांची सवय होते. किरणोत्साराची घरच्यांना वाटणारी काळजी मात्र गंभीरपणे घ्या. येथे छातीवर डोसमापक लावूनच काम करावे लागते, दरवर्षी सुरक्षेचे प्रशिक्षण होते, आणि कर्मचाऱ्यासाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) मर्यादा आहे, हे आईवडिलांना समोर बसवून समजावून सांगा.

कणांची पूड बॅगेत घालून आणू नका, ते येथे नव्याने बनवता येतील. तुमची नोंदवही आणा, आणि तिच्यातील फसलेल्या बॅचची पाने फाडू नका.